परत पाठवलेल्यांचा बॅज

लालबाग-परळमध्ये रक्तदानाचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. केईएम, वाडिया, टाटा ही तिन्ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर. गावाकडून उपचाराला आलेला नातेवाईक आधी इथल्याच एखाद्या चाळीत उतरायचा, अजूनही उतरतो, आणि मग घरातलं कुणीतरी रक्तपेढीच्या खिडकीशी तासन्‌तास उभं राहतं. आमचं मंडळ शिबिरं भरवतं ते या अनुभवातूनच. दात्यांची नोंद पूर्वी वहीत व्हायची, मग एक्सेलमध्ये होऊ लागली आणि आता ती मी लिहिलेल्या एका छोट्या वेब ॲपवर होते. नाव, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी झालं, पुढचं कधी करता येईल, रात्री-अपरात्री फोन केला तर चालेल का. ॲपमध्ये एवढंच आहे.

मंडळातल्या तरुण मुलांनी या ॲपवर बॅज मागितले. पाच वेळा रक्तदान झालं की एक, मग दहाला, पंचविसाला, पन्नासाला आणि शंभराला सोन्याच्या रंगाचा. शिवाय कोण किती पुढे आहे हे दाखवणारी यादी. मागणी मला मनापासून आवडली. जी मुलं शनिवारी रात्री जागून मंडप बांधतात आणि रविवारी सकाळी टेबलं लावतात, त्यांना आपल्या कामाची खूण हवीशी वाटली तर त्यात गैर काय? आणि ही हौस काही मोबाइलमुळे आलेली नाही. शंभर वेळा रक्तदान करणाऱ्याला शतकवीर म्हणत शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, ही पद्धत आपल्याकडे कधीपासून आहे.

इंटरनेटवरही बॅज आता जुने झाले. विकिपीडियावर २००३ साली बार्नस्टार आला, म्हणजे चांगल्या कामाची शाबासकी म्हणून दिलेली चांदणी. तो यंत्र देत नाही. एक संपादक दुसऱ्याचं काम पाहून स्वतः त्याच्या पानावर नेऊन ठेवतो. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० या व्हिडिओ गेमच्या यंत्राने खेळाडूच्या प्रत्येक पराक्रमाला गुण द्यायला सुरुवात केली, २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा पायऱ्या आणल्या, २००९ मध्ये आपण कुठे आहोत ते नोंदवायच्या फोरस्क्वेअर ॲपने चहाच्या दुकानात चार वेळा गेलात तरी कौतुक करायला सुरुवात केली. आज बँकेच्या ॲपपासून पावलं मोजणाऱ्या घड्याळापर्यंत सगळीकडे कुणी ना कुणी आपल्याला शाबासकी देत असतं.

प्रोग्रामर म्हणून पाहिलं तर काम अवघड नाही. डेटाबेसच्या एका टेबलमध्ये, म्हणजे तक्त्यात, बॅजच्या व्याख्या, दुसऱ्यात कुणाला कोणता बॅज कधी मिळाला ते. दुसऱ्या टेबलवर दाता आणि बॅज ही जोडी एकदाच येऊ शकेल असं युनिक बंधन घालायचं, म्हणजे शिबिराच्या गर्दीत दोन लॅपटॉपवरून एकाच माणसाची नोंद एकाच क्षणी झाली तरी बॅज एकदाच मिळतो. नियम तपासायचं काम नोंद सेव्ह होताना करायचं नाही. ‘नोंद झाली’ अशी एक सूचना बाजूला टाकायची आणि मागे वेगळ्या चालणाऱ्या प्रोग्रामला ते काम द्यायचं, नाहीतर शिबिरातल्या टेबलापुढची माणसांची रांग खोळंबते. रक्तदानांचा आकडा वेगळा साठवून तो एकेकाने वाढवत नेण्यापेक्षा दर वेळी मूळ नोंदींवरून मोजलेला बरा. एखादी चुकीची नोंद काढून टाकली की आकडा आपोआप ताळ्यावर येतो.

तारखेच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालावं लागतं. आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे आहे. ब्राउझरमध्ये निवडलेली २ ऑक्टोबरची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत १ ऑक्टोबरची संध्याकाळ, साडेसहा. ती तशीच साठवली आणि नंतर त्यातून नुसती तारीख काढली की रक्तदान एक दिवस आधी झालेलं दिसतं. किराणा मालाच्या ॲपमध्ये याने फारसं काही बिघडत नाही. इथे पुरुषाच्या दोन रक्तदानांत किमान ९० दिवस आणि स्त्रीच्या दोन रक्तदानांत किमान १२० दिवस जावे लागतात, आणि ॲप एक दिवस आधीच ‘या’ म्हणून मोकळं होतं. म्हणून रक्तदानाची तारीख वेळेशिवाय, नुसती तारीख म्हणूनच साठवायची.

हेच ९० आणि १२० बॅजच्या पायऱ्यांना लावून पाहिले तेव्हा मी थबकले. पुरुषाला वर्षातून फार तर चार वेळा रक्तदान करता येतं. एकही खंड न पाडता शंभर गाठायला पंचवीस वर्षं. स्त्रीला वर्षातून तीन वेळा, म्हणजे तेहतीस वर्षांहून जास्त. त्यात बाळंतपण, अंगावर पाजण्याचा काळ, हिमोग्लोबिन खाली गेल्याची वर्षं धरलेलीच नाहीत. रक्तदानाचं वय १८ ते ६५. आमच्या भागातल्या एखाद्या बाईने अठराव्या वाढदिवसापासून मनावर घेतलं तरी सोन्याच्या रंगाचा तो बॅज तिच्या हाती लागणं जवळजवळ अशक्य. कोडमध्ये एका ओळीची अट, `१००` हा साधा आकडा, आणि त्या आकड्याने अर्ध्या माणसांना आधीच बाहेर ठेवलेलं.

बॅजमुळे माणसं खरंच बदलतात का, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे, आणि त्यातलं एक थेट रक्तदानावरचं आहे. इटलीत आविस ही रक्तदात्यांची मोठी संघटना ठरावीक रक्तदानांनंतर पदकं देते. लाचेतेरा आणि माचीस या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये तिथल्या एका गावातल्या दात्यांच्या नोंदी तपासून दाखवलं की पदकाचा टप्पा जवळ आला की दाते जास्त वेळा येतात; पण ज्या पदकाची घोषणा स्थानिक वर्तमानपत्रात होते आणि जे लोकांसमोर दिलं जातं, त्याच्याच बाबतीत. कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या पदकाने तसा फरक पडला नाही. स्टॅक ओव्हरफ्लोच्या नोंदींवर २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासातही तेच चित्र आहे: बॅज जवळ येईल तसं त्या प्रकारचं काम वाढत जातं आणि बॅज मिळाला की ओसरतं.

तिसरा प्रयोग आणखी जुना, १९७३चा, अमेरिकेतल्या एका बालवाडीतला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबिन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिलं तर ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या तुलनेत जेमतेम निम्मा वेळ चित्रांपाशी रमली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र शाबूत होती. प्रमाणपत्र तेच, चांदणी तीच. आधी सांगितलं की नंतर दिलं, एवढ्यानेच फरक पडला.

हे तिन्ही अभ्यास शेजारी ठेवले की रक्तदानाच्या ॲपसाठी एक गोष्ट लख्ख दिसते. टप्पा जवळ आला की माणूस त्याच्याकडे ओढला जातो. स्टॅक ओव्हरफ्लोवर ओढला जाऊन त्याने चार उत्तरं जास्त लिहिली तर बिघडत नाही. रक्ताच्या टेबलावर मात्र त्या ओढीला एकच वाट मोकळी असते, ती म्हणजे खोटं बोलण्याची.

शिबिरात आत जाण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. अलीकडे ताप आला होता का, गोळ्या चालू आहेत का, मलेरिया झाला होता का, टॅटू काढलाय का. मुंबईच्या पावसाळ्यात यातलं एक तरी उत्तर ‘हो’ असणारी माणसं ढिगाने भेटतात. मलेरिया बरा झाल्यावर तीन महिने थांबायचं, टॅटूनंतर वर्षभर. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरं, पण संसर्ग नुकताच झाला असेल तर काही काळ तो तपासणीत सापडत नाही. त्या काळात रुग्णाच्या आणि संसर्गाच्या मध्ये उभं असतं ते दात्याने फॉर्मवर दिलेलं खरं उत्तर. नव्व्याण्णववर अडकलेल्या माणसाला, ज्याच्या शतकाचा हार मंडळाने आधीच सांगून ठेवलाय, त्याला ते खरं उत्तर द्यायला किती जड जाईल याचा विचार करून पाहा. आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून बंद झालं. त्यामागे हीच भीती होती. ज्याला रक्त देण्यातून काही मिळवायचंय, तो आपला आजार लपवेल. सन्मान म्हणजे पैसा नव्हे, हे मला मान्य आहे. पण हवासा वाटण्यात तो पैशापेक्षा कमी नाही.

मी हे सगळं घेऊन मंडळातल्या काकांकडे गेले. गिरणी बंद पडल्यापासून नोंदवही त्यांच्याच हातात होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून जुनी वही काढून एक पान माझ्यापुढे धरलं. नावांच्या यादीत अधूनमधून काही नावांपुढे लाल शाईने गोल केलेला होता.

“हे कोण?” मी विचारलं.

“परत गेलेले. अगं, जो आला आणि ज्याला डॉक्टरांनी नाही म्हटलं, तो पण आलाच की. त्याला पुढच्या शिबिराला सगळ्यांत आधी फोन करायचा. नाहीतर तो परत येत नाही, लाजतो.”

एक्सेलमध्ये नोंदी गेल्या तेव्हा हा लाल गोल मागे राहिला होता. तिथे रकाना होता तो पिशव्यांचा. ज्याची पिशवी भरली नाही त्याचं नावच नाही. ॲपमध्ये तोच साचा उतरला. बॅजची चर्चा निघाली नसती तर तो गोल कपाटातच राहिला असता.

पुढच्या शिबिरात मी मुद्दाम हिमोग्लोबिनच्या टेबलापाशी उभी राहिले. निळ्याशार मोरचुदाच्या द्रावणाची छोटी बाटली. बोटाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा थेंब वरून सोडायचा. द्रावणाची विशिष्ट घनता १.०५३ अशी बांधलेली असते. थेंब पंधरा सेकंदांच्या आत सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून वर, म्हणजे रक्त देता येईल. समोर एक कॉलेजातली मुलगी होती. पहिलीच वेळ. आईला पटवून आली होती, सकाळी नीट जेवून आली होती. तिचा थेंब पडला, थोडा खाली गेला आणि अधांतरी थांबून हळूहळू वर आला. तंत्रज्ञ ताईंनी शांतपणे सांगितलं, “बाळा, आत्ता नको. पालेभाजी, नाचणी, खजूर खा, डॉक्टरांना दाखव आणि परत ये.” मुलगी हसली, पण रडवेली झाली होती. शेजारून निघणाऱ्या मुलांच्या शर्टांवर ‘मी रक्तदान केलं’ असे स्टिकर होते. तिच्याकडे काहीच नव्हतं.

अशा मुली थोड्याथोडक्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१च्या आकड्यांप्रमाणे, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे शिबिराच्या दारातून परत जाणाऱ्यांत बायकाच जास्त असणार हे ठरलेलंच. पिशव्या मोजणारा बॅज त्यांना दुसऱ्यांदा परत पाठवतो. हिमोग्लोबिन कमी निघालेली मुलगी तीन महिने गोळ्या घेऊन पुन्हा त्या टेबलापुढे उभी राहिली, तर तिने जे केलं ते माझ्या लेखी चाळिसाव्या रक्तदानापेक्षा तसूभरही कमी नाही. म्हणून मी पहिला बॅज तिच्यासाठी लिहिला. आधीच्या नोंदीचा निकाल ‘परत’, नंतरची कुठलीही नोंद मग तिचा निकाल काहीही असो: ‘पुन्हा आले’. त्यात अट पुन्हा येण्याची आहे, रक्त निघण्याची नाही.

परत का पाठवलं याचं कारण मात्र ॲप साठवत नाही. ते डॉक्टर आणि दाता यांच्यातलं. आमच्याकडे फक्त ‘आत्ता नाही’ आणि पुन्हा फोन कधी करायचा ती तारीख. या एका मुद्द्यावर मुलांशी माझा खरा वाद झाला, कारण त्यातून यादीचाही निकाल लागत होता. कोण पहिला, कोण दुसरा अशी सार्वजनिक यादी लावली की पुढच्याच वर्षी चाळीच्या जिन्यात प्रश्न येणार, ‘काय रे, बावीसवरच थांबलास?’ एखाद्याच्या रक्तात तपासणीत काही सापडलं आणि त्याला कायमचं थांबायला सांगितलं, तर त्याचा थांबलेला आकडा आख्ख्या वस्तीला त्याचा आजार सांगणार. आमच्या भागात भिंती पातळ आहेत आणि सगळे सगळ्यांना ओळखतात. माणसं काळजीपोटीच विचारतात, आणि तेच जास्त बोचतं. मुलांना हे पटायला वेळ लागला, पण पटलं. यादी नाही. प्रत्येकाचं बॅजचं पान ज्याचं त्यालाच दिसतं, त्याने स्वतःहून दाखवलं तरच दुसऱ्याला.

आणि मग मुंबईचा स्वतःचा रक्तगट. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच तो पहिल्यांदा शोधला आणि शहराचं नाव त्याला लागलं: बॉम्बे रक्तगट. नेहमीच्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण या माणसांच्या तांबड्या पेशींवर एच प्रतिजनही, म्हणजे ओ गटाच्या पेशींवर असणारी खूणही, नसते, त्यामुळे त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. फक्त बॉम्बे गटाचंच लागतं. भारतात दहा हजारांत साधारण एक माणूस या गटाचा. अशा दात्याने दर तीन महिन्यांनी शिबिरात येऊन पिशवी भरण्यात अर्थ नाही, कारण तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात आणि तेवढ्यात त्या गटाचा रुग्ण सापडेलच असं नाही. त्याने थांबायचं, आणि फोन आला की निघायचं. वर्षानुवर्षं त्याच्या खात्यावर दोन किंवा तीन एवढाच आकडा दिसेल. त्याचं थांबणंच मोलाचं असतं. तेव्हा दुसरा बॅज फोनवरून बोलावल्यावर आलेल्यांचा, तिथे एकदा आलं तरी पुरे, आणि तिसरा तयार राहिलेल्यांचा: ज्यांनी वर्षातून एकदा आपला नंबर आणि पत्ता तपासून ‘अजून इथेच आहे’ असं कळवलं. शेवटचा बॅज मला सगळ्यांत आवडतो. रक्त लागतं तेव्हा रात्री दोन वाजता लागलेला फोन आणि ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ यांतलं अंतर फार मोठं असतं.

आकड्यांचे बॅज मी काढून टाकले नाहीत. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं रक्त दिलं त्यांची नोंद दिसलीच पाहिजे. फक्त त्यांच्या पायऱ्या आधी जाहीर नाहीत. ‘अजून दोनच बाकी’ असा पट्टा कुठेही नाही, पुढचा टप्पा राखाडी रंगात डिवचत बसलेला नाही. बॅज मिळतो तो झाल्यावर, त्या दिवशी नव्हे तर आठवड्याने, रक्तपेढीकडून त्या शिबिराचं काम पूर्ण झाल्याचं कळल्यावर. बालवाडीतल्या त्या दुसऱ्या गटाला जसं मिळालं तसं. आणि एकदा दिलेला बॅज परत घ्यायचा नाही, नियम बदलले तरी. प्रत्येक बॅजसोबत तो कोणत्या नियमाच्या कोणत्या आवृत्तीने दिला हे साठवलंय, म्हणजे उद्या अट बदलली तर जुन्यांना धक्का लागत नाही.

जुन्या वह्यांमधून नोंदी भरण्याचं काम अजून चालू आहे. एकच माणूस एका वहीत पूर्ण नावाने, दुसरीत आडनावाने, तिसरीत नुसत्या टोपणनावाने. तो एकच आहे हे यंत्राला कळणार नाही, काकांना कळतं. ते शेजारी बसून सांगतात आणि मी दोन खाती एक करते. या जुन्या बॅजची सूचना कुणाच्याही फोनवर जात नाही. पन्नास वर्षांच्या गृहस्थाला रात्री अकराला एकाच दमात सहा अभिनंदनं गेली तर तो फोनच बंद करेल. ते बॅज मूळ तारखेसह गुपचूप त्याच्या पानावर जाऊन बसतात.

सध्या अडलंय ते प्लेटलेट्सपाशी, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींपाशी. टाटामध्ये कॅन्सरच्या रुग्णांना त्या सतत लागतात आणि पिशवी पाचच दिवस टिकते, त्यामुळे इथे फोनवर येणाऱ्या दात्यांशिवाय पर्याय नाही. यंत्रावर प्लेटलेट्स देणाऱ्याला मात्र ४८ तासांनी पुन्हा देता येतात, आठवड्यात दोनदा, वर्षात चोवीस वेळा. त्यांना रक्तदानाच्याच मोजणीत धरलं तर चार-पाच वर्षांत शंभर, आणि वेगळं काढलं तर दीड-दोन तास खुर्चीत बसून राहणाऱ्याचं काम कमी लेखल्यासारखं होतं. रक्तपेढीतल्या समाजसेविका ताईंचं म्हणणं, मोजूच नका. रुग्णाने बरं झाल्यावर निनावी दोन ओळी लिहिल्या तर त्या दात्याच्या पानावर ठेवता येतील का बघा. विकिपीडियाच्या बार्नस्टारसारखं, माणसाने माणसाला दिलेलं. दाता आणि रुग्ण यांची ओळख एकमेकांना कळू न देता ते कसं जमवायचं, यावर मी आणि ताई काम करतोय. पत्र आधी रक्तपेढीकडे जाईल, ताई नावं-गावं काढून टाकतील आणि मगच ते माझ्याकडे येईल, इथपर्यंत आमचं ठरलंय.